सूर्यास्तापूर्वीचा मुक्काम

बाहेरगावी जाण्याचा बेत निघाला की जैन व्यापारी कुटुंबात पहिला प्रश्न ठिकाणाचा नसतो, जेवणाचा असतो. हॉटेलात कांदा, लसूण, बटाटा टाळून मागितले तरी भांडी आणि कढई एकच असते. सूर्यास्तापूर्वी जेवण हवे म्हटले तर आचारी तेव्हा नुकताच कामावर आलेला असतो. पाणी कसे गाळले हे विचारण्याची तर सोयच नसते. मग ज्यांचे नियम कडक, त्या घरातील आजी किंवा सासूबाई स्वतःहून म्हणतात, "तुम्ही जाऊन या, मी घरीच बरी." तरुण मंडळी दोन दिवस रिसॉर्टमध्ये राहून येतात, छायाचित्रे दाखवतात आणि ही कौटुंबिक सहल होती असे सर्वजण मानून चालतात. त्यात निम्मे कुटुंब नव्हते, याची नोंद कोणी घेत नाही.

मोटारीच्या डिकीत तंबू टाकून एखाद्या माळावर रात्र काढण्याची पद्धत अलीकडे आपल्याकडेही रुळू लागली आहे. तिच्याकडे तरुणांची हौस म्हणून पाहिले जाते. वस्तुतः नियम पाळणाऱ्या कुटुंबाला याहून सोयीचा प्रवास दुसरा नाही. स्वयंपाकघर आपले, पाणी आपले, आणि मुख्य म्हणजे घड्याळ आपले. ज्या सूर्यास्ताच्या नियमामुळे आजी घरी राहतात, तोच नियम तंबूतील मुक्काम सुखाचा करतो. तंबूतल्या बहुतेक गैरसोयींचे मूळ एकच असते, अंधार पडल्यावर पोहोचणे.

आपल्या समाजाला हा प्रकार तसा नवा नाही. मोटारी येण्यापूर्वी क्षेत्राच्या यात्रेला निघालेली कुटुंबे बैलगाड्यांत धान्य, भांडी, गाळणे आणि सतरंज्या घालून निघत, दिवस मावळण्याआधी पाणवठ्याजवळ गाड्या सोडत आणि राहुटी उभारून किंवा गाडीखालीच मुक्काम करीत. इंग्लंडमध्ये हौशी तंबूवासाचा आद्य प्रवर्तक मानला जाणारा थॉमस हायराम होल्डिंग हा व्यवसायाने शिंपी होता. १९०८ मध्ये त्याने या विषयावर एक जाडजूड पुस्तक लिहिले. कापड आणि शिवण यांची पारख असलेल्या माणसाने लोकांना सुखाने बाहेर झोपायला शिकवावे, हे कापडाच्या पेढीवर बसणाऱ्यांना विशेष पटेल.

उदाहरणासाठी डोंगरकड्याचा परिसर घेऊ. हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला. त्यातील कळमनुरी तालुक्यात, नांदेडहून अर्धापूर मागे टाकून हिंगोलीकडे येताना हे गाव लागते. इसापूर धरणाच्या पाण्याने हा पट्टा बागायती झाला. केळीच्या बागा, ऊस, हळद आणि त्यांच्या अधूनमधून उंचवट्याचे मुरमाड माळ असे येथील दृश्य आहे. येथे पर्यटनाचे म्हणून काही नाही, आणि पहिल्या मुक्कामासाठी तेच उत्तम. नांदेडच्या व्यापाऱ्याला तासाभराच्या अंतरावर गाव, मोठे रुग्णालय हाकेच्या नसले तरी आवाक्यातील अंतरावर, आणि काही बिनसले तर रात्रीसुद्धा घरी परतता येते. पहिलाच तंबू थेट एखाद्या अभयारण्याच्या सीमेवर उभारायला निघणारे पुष्कळदा दुसऱ्यांदा निघत नाहीत.

हंगामाचा विचार आधी करावा. चातुर्मासात प्रवास टाळावा असे आपल्याकडे सांगितले आहे, आणि ज्याने काळ्या मातीत पावसाळ्यात गाडी रुतलेली पाहिली आहे त्याला त्याचे व्यावहारिक कारणही समजावून सांगावे लागणार नाही. कार्तिकी पौर्णिमेनंतर फाल्गुनापर्यंतचा काळ या भागात सर्वोत्तम. आडतीचा धंदा असणाऱ्यांची डिसेंबरपर्यंत सोयाबीनची धावपळ असते आणि उन्हाळ्याच्या तोंडावर हळद येते. मधला जानेवारी तुरीची आवक सांभाळूनही एक शनिवार-रविवार काढण्याजोगा असतो.

आता घड्याळ. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात या भागात सूर्य पावणेसहाच्या आत-बाहेर मावळतो, जानेवारीच्या मध्यास सहाच्या सुमारास, फेब्रुवारीअखेर सव्वासहा ते साडेसहाच्या दरम्यान. सूर्यास्ताच्या दोन घटका, म्हणजे ४८ मिनिटे, आधी जेवण आटोपण्याची ज्यांच्या घरी पद्धत आहे, त्यांचे जानेवारीतील जेवण सव्वापाचच्या आत संपले पाहिजे. त्यावरून उलट मोजत यावे. पाऊण तास जेवणाला, पाऊण तास स्वयंपाकाला, तंबू आणि अंथरुणे लावायला आणखी पाऊण तास, आणि जागा निवडायला निदान अर्धा तास. म्हणजे अडीचला मुक्कामी पोहोचायचे आणि नांदेडहून दीडच्या आत निघायचे. दुकान शनिवारी अर्धा दिवस बंद ठेवणे ज्यांना जमत नाही त्यांनी रविवारी सकाळी निघून सोमवारी परतावे, पण चारला पोहोचून कसेबसे भागवू असा हिशेब करू नये. तो हिशेब जुळत नाही.

दिवसा पोहोचण्याचे दुसरेही एक कारण आहे. गाळप हंगामात या रस्त्यांवर उसाच्या ट्रॉल्या रात्रंदिवस चालतात. कित्येकांना मागे दिवा नसतो, आणि ट्रॉलीबाहेर आलेला ऊस अंधारात अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही. रात्रीचा प्रवास टाळणाऱ्याने अर्धा धोका घरीच ठेवलेला असतो.

जागेची निवड हा या साऱ्यातील सर्वांत महत्त्वाचा भाग, आणि तिथे पुस्तकांपेक्षा मेंढपाळांकडे पाहावे. मेंढपाळाचे पाल कधी खोलगट जागेत दिसत नाही. थंड हवा जड असल्याने रात्री ती ओढ्याकडे, नाल्याकडे उतरते आणि तिथेच साचते. दहा-पंधरा फूट उंचावर झोपणाऱ्याला जी थंडी सोसवते ती खाली झोपणाऱ्याला सोसवत नाही. केळीच्या बागेला लागून तंबू लावण्याचा मोह होतो, कारण दुपारी तिथे गारवा असतो. पण बागेतील ओलाव्यामुळे पहाटे दव जास्त पडते आणि डासही तिथेच. कालव्याच्या काठावर झोपू नये, पाणी केव्हा सोडले जाईल याचा भरवसा नसतो. मोठ्या झाडाखाली वाळकी फांदी आणि आग्यामोहोळ, या दोन गोष्टी वर मान करून आधी पाहाव्यात.

काळ्या मातीवर तंबू लावू नये. ती हिवाळ्याच्या अखेरीस भेगाळते, भेगांत विंचू-साप आसरा घेतात, खुंट्या पक्क्या बसत नाहीत, आणि अवकाळी सरी आल्या तर गाडी तिथून हलत नाही. मुरमाड जागा बसायला थोडी टोचते, पण पाणी धरत नाही. आणखी एक गोष्ट आपल्या दृष्टीने महत्त्वाची. हिरवळीवर, मुंग्यांच्या वारुळाजवळ किंवा ओल्या पाचोळ्यावर तंबू ठोकणे म्हणजे रात्रभर जीवांवर झोपणे. सूर्यप्रकाश असताना जागा डोळ्यांनी पाहून, मऊ झाडूने हलक्या हाताने झाडून मगच कापड अंथरावे. जयणा पाळणाऱ्याची ही सवय त्याला मुंग्या, विंचू आणि काटे यांच्यापासूनही वाचवते.

जागा कोणाची, हे विचारल्याशिवाय खुंटी ठोकू नये. धरणाचा परिसर पाटबंधारे खात्याचा, जंगल वनखात्याचे, माळ बहुधा कोणाचा तरी असतोच. डोंगरकड्यासारख्या गावात ओळखीचा शेतकरी असणे आडत्याला अवघड नाही. त्याचे खळे किंवा आखाड्याजवळची मोकळी जागा सर्वांत चांगली. त्याला आधी फोन करावा, गावच्या पोलीस पाटलांच्या कानावर घालावे आणि निघताना योग्य मोबदला द्यावा. व्यवहारातले संबंध आहेत म्हणून फुकट राहणे बरे दिसत नाही. महाराष्ट्र शासनाचे कृषी पर्यटन धोरण २०२० पासून आहे. त्यानुसार नोंदणी केलेली केंद्रे मिळाली तर शौचालयाचा प्रश्नही सुटतो. यजमान शेतकऱ्याला एक गोष्ट आवर्जून विचारावी. रानडुकरे आणि रोही यांच्यापासून पीक वाचवण्यासाठी काही लोक कुंपणात बेकायदा वीजप्रवाह सोडतात. आसपास असे कुठे आहे का? त्याचे उत्तर काहीही असो, अंधारात शेतांच्या बांधाने फिरायला जाऊ नये.

तंबूच्या खरेदीबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. 'चार माणसांचा' तंबू म्हणजे चार माणसे खांद्याला खांदा लावून झोपतील एवढा. चौघांनी सहा जणांचा घ्यावा. घरात गुडघेदुखीचे कोणी असेल तर ज्यात उभे राहता येते असाच घ्यावा, वाकून आत शिरणे त्यांना शक्य नसते. जाळीचे दार आणि बाहेरचे दुसरे आवरण हवेच. किमतीपेक्षा वर्षातून तो किती रात्री उघडला जाईल याने भागाकार करून पाहावा. वर्षात एकदाच निघणार असाल तर भाड्याने घेणे परवडते. विकत घेतला तर प्रवासाआधी एकदा घराच्या गच्चीवर उभा करून पाहावा. खुंट्या कमी भरणे, दांडा मोडका निघणे हे दुकानापासून शंभर पावलांवर कळलेले बरे.

तंबूखाली ताडपत्री घालावी हे व्यापाऱ्यांना सांगायला नको, पण ती तंबूच्या तळापेक्षा चार बोटे लहान असावी. मोठी असेल तर कडेला पडलेले दव आणि पाणी तिच्यावरून वाहत थेट अंथरुणाखाली येते. खुंटी तंबूच्या विरुद्ध बाजूला कलती ठोकावी. आणि रात्री थंडी वाजते म्हणून हवेच्या खिडक्या पूर्ण बंद करू नयेत. चार माणसांच्या श्वासातील बाष्प कापडाला आतून चिकटते आणि पहाटे तेच थेंब अंगावर पडतात. लोक मग तंबू गळतो म्हणून दुकानदाराशी भांडतात.

थंडी वरून कमी आणि जमिनीतून जास्त येते. म्हणून पांघरुणापेक्षा अंथरुणाकडे लक्ष द्यावे. मोटारीने जाणाऱ्याला पाठीवर ओझे वाहायचे नसते, तेव्हा महागड्या झोपण्याच्या पिशव्यांऐवजी घरची कापसाची गादी, खाली जाड सतरंजी आणि वर गोधडी हेच सर्वांत सुखाचे. ज्येष्ठांसाठी घडीची खाट आणि पाठ असलेली खुर्ची अवश्य न्यावी. डिकी भरताना तंबू सर्वांत शेवटी, म्हणजे सर्वांत वर ठेवावा. तो स्वयंपाकाच्या डब्यांखाली गाडला गेला की अडीचला पोहोचूनही साडेतीन वाजतात.

आता ज्या गोष्टीसाठी आजी घरी राहत होत्या ती. पाणी घरूनच गाळून, उकळून, स्टीलच्या मोठ्या थर्मासांत न्यावे. पिण्याला आणि स्वयंपाकाला माणशी दिवसाला चार-पाच लिटर धरावे, हातपाय आणि भांडी यांचे वेगळे. उकळलेल्या पाण्याची मर्यादा संप्रदायानुसार आणि ऋतूनुसार वेगळी मोजली जाते. ज्याच्या घरी जी चालते ती मोजून दुसऱ्या दिवशीचे पाणी तिथेच उकळायचे की कसे ते ठरवावे. शेतातील विहिरीचे पाणी वापरले तर गाळण्यातील जिवाणी त्याच विहिरीत सोडावी, दुसरीकडे नव्हे. हिवाळ्यात पिठाची मर्यादा सात दिवसांची मानली जाते, त्यामुळे घरचे दळलेले पीठ दोन दिवसांच्या प्रवासाला निःशंक चालते.

स्वयंपाक एका भांड्याचा ठेवावा. मुगाच्या डाळीची खिचडी आणि कढी, सोबत घरून आणलेल्या दशम्या, खाकरे, मेतकूट. भाजीचा प्रश्न डोंगरकड्याने आधीच सोडवून ठेवला आहे. कंदमूळ न खाणाऱ्यांच्या स्वयंपाकात बटाट्याची जागा कच्च्या केळ्याने केव्हाच घेतली आहे, आणि इथे ते बागेतून थेट हाती येते. जिरे, हिरवी मिरची, ओले खोबरे यांत परतलेली कच्च्या केळ्याची भाजी माळावर बसून खाल्ली तर घरी ती नको म्हणणारी मुलेही पुन्हा वाढून घेतात. जानेवारीत ज्वारीचा हुरडा मिळाला तर तो दुपारीच, कणसे उन्हात पाहून, किडके दाणे बाजूला करून खावा.

गॅसची शेगडी तंबूपासून निदान दहा पावलांवर, वाऱ्याला पाठ करून, पत्र्याच्या आडोशाला लावावी. निघण्यापूर्वी नळी आणि रेग्युलेटर साबणाच्या पाण्याने तपासावे. गाडीत सिलिंडर उभाच ठेवावा. सव्वापाचला भांडी घासून झाली की रात्री विस्तव पेटवण्याचे कारणच उरत नाही. रात्री लाकडे पेटवून भोवती बसणे हा तंबूवासाचा आत्मा आहे असे जाहिराती सांगतात. त्या ज्योतीवर रात्रभर किती पतंग पडतात हे जाहिरातीत दिसत नाही, आणि हिवाळ्यातील वाळक्या गवतात ठिणगी उडाली तर शेतकऱ्याचे वर्षाचे पीक जाते. दिवा लागणारच, पण तो पिवळसर उजेडाचा घ्यावा. पांढऱ्या दिव्यापेक्षा त्याकडे किडे कमी येतात. तो तंबूत न टांगता दारापासून दूर ठेवावा.

एक गोष्ट मात्र कितीही थंडी असली तरी करू नये. कोळशाची शेगडी, धुमसते निखारे किंवा गॅस यांपैकी काहीही तंबूच्या आत नेऊ नये. निखाऱ्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूला रंग नाही, वास नाही. झोपलेल्या माणसाला गुदमरल्याची जाणीवही न होता तो मृत्यू आणतो. काचा बंद करून, इंजिन चालू ठेवून गाडीत झोपणाऱ्यांनाही हाच धोका असतो. आजींना थंडी वाजली तर गरम पाण्याची रबरी पिशवी द्यावी.

सापांची भीती अनेकांना घरी बसवते. हिवाळ्यात त्यांचा वावर कमी असतो, तरी नाग, घोणस, फुरसे आणि मण्यार हे चारही विषारी साप महाराष्ट्रात आहेत. त्यातील मण्यार रात्री फिरते, जमिनीवर झोपलेल्यांना चावते आणि तिचा दंश पुष्कळदा दुखतही नाही. चेन पूर्ण लावलेला जाळीचा तंबू हे तिच्यावरचे सर्वांत साधे संरक्षण. दार उघडे टाकून झोपणाऱ्याला तंबूचा उपयोग नाही. अन्नाचे कण पडू देऊ नयेत, त्यांच्यामागे उंदीर येतात आणि उंदरांमागे साप. बूट आत घ्यावेत, सकाळी झटकून घालावेत. ईर्यासमिती आणि आदाननिक्षेपण समिती, पाहून पाऊल टाकणे आणि पाहून वस्तू उचलणे-ठेवणे, या साधूंसाठी सांगितल्या आहेत. माळावर एक रात्र काढणाऱ्या श्रावकालाही त्या तंतोतंत लागू पडतात. तरीही दंश झालाच तर चिरा देणे, घट्ट बांधणे, मांत्रिक शोधणे यात वेळ घालवू नये. माणसाला चालू न देता, १०८ क्रमांकावर कळवून थेट रुग्णालय गाठावे. डोंगरकड्याहून नांदेडचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय गाडीने गाठता येते. म्हणूनच रात्री गाडीचे तोंड रस्त्याकडे करून ठेवावे, आणि किल्ली कुठे आहे हे दोघांना तरी ठाऊक असावे. फोन भारित करण्यात गाडीची बॅटरी उतरवून ठेवू नये.

शौचालयाबद्दल बोलायला घरातील पुरुष विसरतात, आणि स्त्रिया नकार देतात त्याचे खरे कारण तेच असते. छोटा उभा तंबू आणि घडीची कमोड-खुर्ची आता सहज मिळते. उजेड असतानाच कोरडी, निर्जंतुक, पाणवठ्यापासून दूरची जागा पाहून ती लावावी, खड्डा नंतर बुजवावा. हे आधी ठरवून सांगितले तर सासूबाईंचे 'मी घरीच बरी' पुष्कळदा मागे घेतले जाते.

सहा वाजता सूर्य मावळला की या मुक्कामाला खरी सुरुवात होते. कोणाला कुठे जायचे नसते, जेवणाची तयारी नसते, भांडी नसतात. ज्यांचे प्रतिक्रमण असेल त्यांनी खुर्चीवर बसून ते शांतपणे करावे. मुलांना जानेवारीच्या आकाशात पूर्वेकडे वर आलेले मृग नक्षत्र, त्याच्या खाली चमकणारा व्याध आणि डोक्याकडे कृत्तिकांचा झुबका दाखवावा. शहरात हे दिसत नाही. नऊच्या आत सर्वजण झोपतात, कारण दुसरे करण्यासारखे काही नसते, आणि पहाटे पाचला आपोआप जाग येते. सूर्य सातच्या सुमारास उगवतो. नवकारसी असणाऱ्यांनी त्यापुढे ४८ मिनिटे थांबावे. तेवढ्या वेळात अंथरुणे उन्हात टाकून सामान आवरता येते.

दुसऱ्या दिवशी दर्शनाचा बेत असावा. औंढा नागनाथ तालुक्यातील शिरड शहापूर येथील भगवान मल्लिनाथांचे अतिशय क्षेत्र याच जिल्ह्यात आहे. अधिक वेळ असेल तर वाशीम जिल्ह्यातील शिरपूरचे अंतरिक्ष पार्श्वनाथ किंवा जिंतूरजवळील नेमगिरी यांपैकी एक जोडून घेता येते. दोन्ही एकाच दिवसात धरू नयेत, नाहीतर परतीला पुन्हा अंधार होतो. पुढच्या वेळी दोन रात्रींचा बेत असेल तर क्षेत्राच्या व्यवस्थापनाला विचारून धर्मशाळेच्या आवारात तंबू लावता येतो का ते पाहावे. तिथे भोजनशाळा असेल तर स्वयंपाकाचे सामानही कमी होते.

निघताना माळ जसा होता तसा झाला पाहिजे. केळ्याची साल शेतकऱ्याच्या उकिरड्यावर, प्लॅस्टिक आपल्या पिशवीत. दवाने ओला असलेला तंबू गुंडाळून डिकीत टाकला तर आठवड्यात त्यावर बुरशी धरते. कापड जाते आणि त्या बुरशीत असंख्य जीव उत्पन्न होतात ते वेगळेच. म्हणून सोमवारी दुकान उघडण्यापूर्वी तो गच्चीवर दोरीवर पसरावा, दुपारच्या उन्हात दोन्ही बाजूंनी वाळवावा, खुंट्या मोजून पिशवीत भराव्यात आणि मगच माळ्यावर ठेवावा.